मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियात वर्षभर शेतावर राहून काम – ४६२ व्हिसा, हंगाम, पैशांचा हिशोब

तिफण
नमस्कार. ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा १ ऑक्टोबर २०२४ पासून भारतीयांसाठी खुला झाला आहे. त्यावर पुण्यातली नोकरी सोडून वर्षभर शेतावर राहून काम करायचा विचार जवळजवळ पक्का झालाय. वय २९ वर्षं ५ महिने, बायकोला ३१ पूर्ण. शिक्षण बीई, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) ७. शेतीकामाची सवय अशी नाही, गावच्या भातलावणीपुरतीच.
दोघांना जाता येईल का? कुठलं पीक धरावं, कुठे आणि कधी? हातात काही उरतं का? फसगत नेमकी कुठे होते? आणि पुढे तिथेच शेतीत कायम राहायची वाट यातून निघते का?

पाणंद
आधी वाईट बातमी. वयाची अट १८ ते ३०. अर्जाच्या दिवशी ३१ पूर्ण झालेली चालत नाहीत, आणि या व्हिसावर जोडीदाराला किंवा मुलांना सोबत जोडता येत नाही. दोघांनाही वय बसत असतं तरी प्रत्येकाला व्हिसाच्या सोडतीत स्वतंत्र उतरावं लागलं असतं. तुमच्या पत्नी पर्यटक व्हिसावर भेटायला येऊ शकतात, पण त्यावर काम करता येत नाही, अगदी पॅकिंग शेडमध्ये चार तासही नाही. त्यामुळे हा निर्णय तुमचा एकट्याचा नाही. वर्षभराच्या ताटातुटीबद्दल घरात नीट बोलून घ्या, मगच पुढचं.

सोडत अशी: वर्षाला १,००० जागा, नोंदणी शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. पहिल्या वर्षी पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० नोंदी झाल्या होत्या, म्हणून नंबर लागल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका. नंबर लागला की अर्ज भरायला २८ दिवसच मिळतात. पदवीचे कागद, आयईएलटीएसचा निकाल आणि खात्यात साधारण ५,००० डॉलर अधिक परतीच्या तिकिटाएवढी रक्कम आधीच तयार ठेवा.

तुमच्या वयाचा मुद्दा फार नाजूक आहे. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला सोडत नाही, पण ३१ च्या आत अर्ज करण्याची अट तिथेही आहे. तुमच्याकडे दीड वर्षच उरलंय. पहिल्या व्हिसावर पोचायला उशीर झाला तर दुसरं वर्ष हातातून गेलंच.

कायम राहण्याचं म्हणाल तर हा व्हिसा तिकडे नेत नाही. त्याचे मार्ग वेगळे, कौशल्याचे किंवा मालकाने पुरस्कृत केलेले.

झेला
पिकाचं मी सांगतो. आंबा धरायचा असेल तर हंगाम गावागणिक सरकत जातो: डार्विनकडे सप्टेंबर-ऑक्टोबर, कॅथरिनला ऑक्टोबर-नोव्हेंबर, बोवेनला नोव्हेंबर-डिसेंबर, मरीबाकडे डिसेंबर ते फेब्रुवारी. एकाच जागी बसलात तर पाच-सहा आठवड्यांत काम संपतं.

तिथला मुख्य आंबा केन्सिंग्टन प्राइड. देठ तुटताक्षणी चीक पिचकारीसारखा उडतो. फळावर पडला तर साल काळी पडते, कातडीवर पडला तर फोड येतात. म्हणून तोडणीच्या यंत्राला ताडपत्री असते आणि तिच्यावरून साबणपाण्याचा फवारा चालू असतो, फळ त्यातच टाकायचं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. कधी बिब्बा उतला असेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल अंगावर उठलं असेल, तर आंब्याची तोडणी घेऊच नका. इतरांनी लांब बाह्यांचा सदरा, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा वापरायचा. कपडे रोज धुवायचे, कारण कालचा चीक आज मानेला लागतो.

बारमाही काम हवं तर क्वीन्सलँडमधल्या टली आणि इनिसफेलची केळी. घड उतरवणं दोघांचं काम: एक जण बुंध्याला वार करून झाड वाकवतो, दुसरा खांदा देऊन घड झेलतो. घड सहज ४०-५० किलोंचा. खुर्चीवरून उठून थेट हे काम घेतलं की पहिल्याच आठवड्यात कंबर धरते. पॅकिंग शेडपासून सुरुवात करा. २०१५ मध्ये टलीच्या खोऱ्यात पनामा मर रोगाची टीआर-४ जात सापडली. तेव्हापासून फाटकाशी बूट घासून जंतुनाशकात बुडवावे लागतात, त्यात हयगय चालत नाही. जळगावकडच्या केळीवाल्यांना मर रोगाची दहशत वेगळी सांगायला नको. शिवाय उंदरांमुळे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. पायाला चीर असेल तर पट्टी लावून, गमबूट घालूनच बागेत उतरा.

तिफण
खूप आभार दोघांचे. बायकोला वाचून दाखवलं, बोलणं सुरू आहे. पैशांचं आणि दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी दिवस मोजण्याचं कुणी सांगेल का? उक्तं काम घ्यावं की तासावर?

मोटकरी
सुरुवातीला तासावर घ्या. १ जुलै २०२५ पासून देशपातळीवरचं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअल, म्हणजे कामापुरत्या बोलावलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जादा. फळभाज्यांच्या शेतांना हॉर्टिकल्चर अवॉर्ड नावाचा वेगळा दरतक्ता लागू होतो, तो उघडून आपल्या श्रेणीचा दर बघा. उक्त्या कामालाही २८ एप्रिल २०२२ पासून तासाच्या किमान दराची हमी आहे: डबे कमी भरले तरी फरक मालकाने द्यायचा. मात्र त्यासाठी तासांची नोंद हवी, आणि फसगत तिथेच होते. रोज सुरू झाल्याची आणि सुटल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा.

४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर कापला जातो, मालक त्यासाठी नोंदणीकृत असला तर. टॅक्स फाइल नंबर पोचल्या पोचल्या काढा. सुपर (आपल्या पीएफसारखा निवृत्तिनिधी) म्हणून मालक १२ टक्के भरतो, पण देश सोडताना ते काढलं की ६५ टक्के कर जातो, म्हणून ती रक्कम शिल्लक म्हणून धरू नका. वर्किंग हॉस्टेलच्या खाटेला आठवड्याला २००-२५० डॉलर धरा. पाऊस लागला की तोडणी बंद, कॅज्युअलला त्या दिवसाचे पैसे नाहीत, भाडं मात्र चालूच. दीड महिन्याचा खर्च हाताशी ठेवूनच उतरा.

नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा, किंवा पासपोर्ट ठेवून घेणारा, दोघांपासूनही लांब. क्वीन्सलँडमध्ये मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागतो आणि त्याची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, नाव तिथे शोधा. पगाराची तक्रार फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयाकडे करायची.

दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी पहिल्या वर्षात शेतीकामाचे ८८ दिवस भरावे लागतात. पूर्णवेळ आठवडा भरला तर सुट्टीचे दोन दिवसही धरतात. अर्धवेळ असेल तर प्रत्यक्ष राबलेलेच दिवस. चौदा तास केले म्हणून एकाचे दोन दिवस होत नाहीत. बिनपगारी काम, जेवणखाण्याच्या बदल्यात केलेलं, मोजलं जात नाही. शेत ठरवून दिलेल्या पिनकोडात आहे का, हे रुजू होण्याआधी तपासा. प्रत्येक शेत सोडताना मालकाकडून केलेल्या कामाच्या पुराव्याचा १४६४ क्रमांकाचा फॉर्म सही करून घ्या. हंगाम संपला की तोच माणूस फोन उचलेल याची खात्री नसते.

झेला
एक राहिलं. गावच्या मातीचे बूट नेणार असाल तर विमानतळावर जाहीर करा, आणि शिवणीतली माती सुईने काढूनच बांधा. पेढे-बर्फी आणि ओला कढीपत्ता सामानात नको, जप्त होतो. आणि जायच्या आधी निफाड किंवा दिंडोरीकडे द्राक्षाच्या काढणीला पंधरा दिवस पूर्णवेळ राबून बघा. सकाळी सहाला वेलीखाली उभं राहून दुपारपर्यंत हात वर धरता येतात की नाही, ते तिथेच कळेल.