संचारबंदीचा पास : दंगलींच्या आपापल्या घरातील आठवणी

वाघूरकाठ

दिवाळीच्या आवरासावरीत काल वडिलांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा जुन्या पगारपत्रकांच्या खाली घडी घातलेला एक जाड, पिवळट कागद सापडला. तो मे १९७० मधील संचारबंदीचा पास आहे. शाई बरीच उडाली असली तरी वडिलांचे नाव आणि त्यापुढचे 'टेलिफोन ऑपरेटर' हे शब्द अजून वाचता येतात.

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी आमचे जळगाव पेटले. वडील तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. ते कामावर गेले ते तिसऱ्या दिवशी परतले, आणि एक्स्चेंजमध्ये बसून त्यांनी त्या दोन रात्रींत काय ऐकले हे त्यांनी आजवर घरात कोणालाही सांगितलेले नाही. ऑपरेटरने जोडणी करून द्यावी, कान देऊ नये, हा नियम ते निवृत्तीनंतरही पाळत आले. गावातील माणसे त्यांना नावांपेक्षा नंबरांनीच अधिक आठवतात, हा आमच्या घरातील नेहमीचा थट्टेचा विषय आहे.

कोण चूक आणि कोण बरोबर हा निवाडा येथे करू नये, अशी विनंती आहे. आपल्या घरात, गल्लीत, शेतात जे घडले ते लिहावे.

जुनेधुळेकर

आमच्या गणपतीचे नाव सांगितले की बाहेरगावचा पाहुणा हमखास दचकतो. जुन्या धुळ्यातील खुनी गणपतीच्या पालखीवरून १८९५ साली मशिदीसमोर तंटा झाला, इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली, आणि तेव्हापासून गणपतीही खुनी आणि मशीदही खुनी असे दोघांच्याही नावाला ते विशेषण कायमचे चिकटले. लहानपणी मला वाटे की हे एखाद्या घराण्याचे आडनाव असावे, आणि तशी शंका मी वर्गात बोलूनही दाखवली होती.

आज विसर्जनाची पालखी त्याच मशिदीपाशी येते, तेथे आरती होते, आणि मुस्लिम बांधव फुले उधळून तिचे स्वागत करतात. मी हे चाळीसएक वर्षे पाहत आलो आहे. एका वर्षी पाऊस इतका होता की फुलांची टोपली भिजून लगदा झाली, आणि मशिदीच्या पायरीवर उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ तो लगदाच मुठीमुठीने पालखीवर टाकत राहिले. त्या वेळी पोलीसही हसत होते. मात्र बंदोबस्त कधी कमी झालेला मी पाहिला नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मृगबाग

आमच्याकडे रावेर भागात दंगल म्हटले की मला रक्ताआधी केळी आठवतात. लावणारे बहुतेक लेवा पाटील, माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांत मुसलमान बरेच, घड कापून वाहणारे मजूर तडवी आणि इतर, असा हा धंदा एकमेकांत गुंतलेला आहे. शहरात दगड पडला की व्यापारी येत नाही, ट्रक लागत नाही, आणि झाडावरचा घड मात्र पिकायचा थांबत नाही. एका संचारबंदीत आमच्या आबांनी जवळजवळ अर्धी बाग गुरांना घातली. आठ दिवसांनी व्यापारी आला, तेव्हा दोघेही खाटेवर बसून बराच वेळ फक्त भावाविषयी बोलले. त्याच्या गल्लीत काय झाले हे आबांनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

टाक आणि दौत

वाघूरकाठ ताई, मूळ विषय थोडा बाजूला ठेवून एक विनंती करते. तो पास कृपा करून लॅमिनेट करू नका आणि चिकटपट्टीही लावू नका. माझ्या सासऱ्यांच्या सनदेचे मी तसेच वाटोळे केले आहे.

सातपुडा पायथा

मी यावल तालुक्यातील तडवी आहे. आम्ही भिल्ल आणि मुसलमान असे दोन्ही आहोत. सरकारी कागदावर अनुसूचित जमात आहोत, आणि आमच्या घरांतील नावे ऐकून समोरच्याला पटकन अंदाज बांधता येत नाही. शांततेच्या दिवसांत याचे कोणाला काही वाटत नाही. पण डिसेंबर १९९२ मध्ये मी शिकायला शहरात होतो, आणि एसटी स्थानकावर दोन तासांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या टोळक्यांनी मला "तू कोण?" असे विचारले. पहिल्यांदा मी नाव सांगितले, दुसऱ्यांदा फक्त गाव सांगितले. दोन्ही वेळा सुटलो. त्यातले कोणते उत्तर खरे होते, यावर वसतिगृहातील मित्र पुढे वर्षभर माझी चेष्टा करत असत, आणि मीही हसत असे.

आजी मात्र हसली नाही. पुन्हा शहराकडे निघालो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बठ्ठं बंद शे, घरमा बस." त्या वेळी सगळे सुरू झाले होते, तरीही ती तेच म्हणत राहिली.

रथचौक

जळगावचा विषय निघालाच आहे, तर श्रीरामाच्या रथाविषयी लिहायला हवे. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघणारा हा रथ भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तेथे चादर चढवली जाते. चाकाखाली मोगरी लावून रथाला वळण देण्याचे काम आमच्या शेजारचे काका करत. हात चिरडण्याची भीती असलेले ते काम ते मोठ्या अभिमानाने करत, आणि समाधीपाशी रथ अचूक उभा करणे हीच खरी परीक्षा आहे असे म्हणत. ज्या शहरात ही प्रथा आहे त्या शहरात दंगल झाली, हे मला लहानपणी कोणी सांगितलेच नव्हते.

मेहरूणची बोरे

रथचौक भाऊ, आपले शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसले आहे. फुले, चादर, आरती हे सर्व खरे आहे आणि मलाही ते प्रिय आहे. रथाच्या दिवशी आमच्या अब्बांनी मला खांद्यावर घेऊन तो दाखवला आहे. परंतु १९७० च्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने जळगावच्या मृतांचा आकडा ४३ दिला आहे, आणि त्यांत ४२ मुसलमान व १ हिंदू होता. आमच्या घरी हा आकडा अहवालातून आला नाही, तो नातेवाइकांच्या नावांनी आला. आजोबांचे दुकान आणि वरचे घर जळाले, धाकटे चुलत आजोबा गेले, आणि उरलेले कुटुंब जुन्या वस्तीतून उठून आपल्या लोकांच्या वस्तीत राहायला गेले. त्या जुन्या गल्लीत आज आमच्यापैकी कोणीही राहत नाही. ते घर कोणी पेटवले हे आजीला ठाऊक होते, कारण दुसऱ्या दिवशी दूध आणून देणारा आणि आदल्या रात्री गर्दीत दिसलेला माणूस एकाच घरातील होते. तिने दूध घेतले. घरात लहान मूल होते, एवढेच कारण ती सांगत असे. ते मूल म्हणजे माझे अब्बा.

रथचौक

ताई, मी लिहिले ते झाकण्यासाठी लिहिले नव्हते, पण वाचताना तसे वाटू शकते हे आता लक्षात आले. ४२ आणि १ हे आकडे मला आज प्रथमच कळले, आणि माझे सबंध शिक्षण जळगावातच झाले आहे.

फळा-खडू

मी धुळ्यात शिक्षिका होते. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजारात एका खाणावळीच्या बिलावरून भांडण झाले, त्याची दंगल झाली आणि पोलीस गोळीबारात सहा तरुण गेले. दंगलीत तोडफोड आणि लूट केल्याच्या आरोपावरून पुढे काही पोलिसांना अटकही झाली. शाळा उघडली तेव्हा मी हजेरी घेऊ लागले आणि काही नावांवर उत्तर आले नाही. ती मुले सुखरूप होती, पालकांनी त्यांचे दाखले दुसऱ्या शाळेत नेले होते. वर्षअखेरपर्यंत आमच्या वर्गात एकाच प्रकारची आडनावे उरली. निकाल मात्र त्या वर्षी उत्तम लागला आणि सत्कार समारंभही झाला. त्यात भाषण करण्याचे काम माझ्याकडे होते. काय बोलले ते आता आठवत नाही, पण या गोष्टीविषयी बोलले नाही, एवढे नक्की आठवते.

मृगबाग

बाई, आबांचेही तेच झाले. गप्प राहिल्यामुळे धंदा टिकला, असे ते म्हणत. व्यापाऱ्याचा मुलगा आजही आमचाच माल घेतो, म्हणून त्यांना चूक म्हणायलाही जीभ रेटत नाही.

वाघूरकाठ

पास वहीच्या दोन कोऱ्या पानांत ठेवला आहे, सूचनेबद्दल आभार.

वडिलांना आता कमी ऐकू येते, म्हणून आज दुपारी सर्वांचे अनुभव मोठ्या आवाजात वाचून दाखवले. केळीच्या अनुभवावर त्यांनी मान हलवली. मेहरूणची बोरे यांचे लिखाण त्यांनी दोनदा वाचायला सांगितले आणि ती गल्ली कोणती, असे विचारले. मी म्हटले, त्यांनी लिहिलेले नाही. मग बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दोनशे सतरा." मला प्रथम काही कळले नाही. त्या रात्री बाहेरगावाहून एक माणूस हाच नंबर पुन्हा पुन्हा मागत होता, वडील जोडून देत होते, तिकडे घंटा वाजत होती आणि कोणी उचलत नव्हते. पहाटे घंटाही वाजेनाशी झाली. कापडाचे दुकान होते, असे त्यांना वाटते. मागणाऱ्याला त्यांनी "लाइन खराब आहे" असे सांगितले होते.

ताई, आपल्या आजोबांचे दुकान कशाचे होते, आणि तेथे फोन होता का, हे घरात कोणाला विचारता आले तर कळवावे. वडील संध्याकाळपासून दोनदा विचारून गेले आहेत.