परिपाठातले दिनविशेष नुसते वाचून पुढे जायचं का?

माळावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. दुष्काळी पट्ट्यातल्या एका छोट्या शाळेवर शिक्षक आहे. रोज परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार झाले की दिनविशेष असतो, मुलं मोबाईलवरून उतरवलेला कागद घडाघडा वाचतात आणि वर्गात जातात. परवा ११ सप्टेंबरला सहावीतल्या एका मुलीने एका दमात वाचलं, १८९३ विवेकानंदांचं शिकागोचं भाषण, १८९५ विनोबांचा जन्म, २००१ अमेरिकेवर हल्ला, राष्ट्रीय वन शहीद दिन. आणि कागद खाली करून मलाच विचारलं, सर वन शहीद म्हणजे झाडं का माणसं? मला नीट सांगता आलं नाही, उद्या सांगतो म्हणालो, ते मनाला लागून राहिलंय.

दुसरी गोष्ट पर्यावरण दिनाची. ५ जूनला शाळेला सुट्टी असते, आम्ही शिक्षकच जाऊन रोपं लावतो, फोटो अपलोड करतो, मुलं १५-१६ जूनला येतात तोवर अर्धी रोपं वाळलेली. सलग तीन वर्षं त्याच खड्ड्यात लावतोय. आता १६ सप्टेंबरला ओझोन दिन आहे. हे दिवस मुलांपर्यंत खरे पोचवायचे कसे, कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा.

वनरक्षकाची_लेक
सर, तिला सांगा की माणसं. आणि झाडांसाठी गेलेली माणसं. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं नव्या महालासाठी चुना भाजायला लाकूड हवं म्हणून झाडं तोडायला आली, तर अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभी राहिली, ती गेली, तिच्या तीन मुली गेल्या, मग आजूबाजूच्या गावांतून लोक येत राहिले आणि एकूण ३६३ जणांनी जीव दिला. २०१३ पासून ११ सप्टेंबर केंद्र सरकारने वन शहीद दिन ठरवला, त्यात वणवा विझवताना, शिकाऱ्यांशी झटापटीत गेलेले वनरक्षक, वनमजूर यांचीही आठवण काढतात.

खेजडी म्हणजे आपली शमी, काही भागात सौंदड म्हणतात. दसऱ्याला आपण पूजा करतो तेच झाड! हे मुलांना आधी सांगा, मग गोष्ट सांगा. माझे वडील वनरक्षक होते, उन्हाळ्यात वणव्याचा फोन आला की आई रात्रभर दारात बसलेली असायची. ११ सप्टेंबरला टीव्हीवर दिवसभर फक्त अमेरिकेतले टॉवर दाखवतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. ती माणसंही गेली, त्यांचं दुःख आहेच, पण आपल्या माणसांसाठी दोन मिनिटं तरी असावीत ना.

रोपवाटिका_काका
गुरुजी, ३१ वर्षं नर्सरीत काढलीत म्हणून हक्काने सांगतो. ५ जून ही तारीख १९७२ च्या स्टॉकहोमच्या परिषदेवरून आलीय, आपल्या पावसावरून नाही. त्या दिवशी आपल्याकडे जमीन तापलेलीच असते. त्यापेक्षा वनमहोत्सव बघा, १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला तो जुलैचा पहिला आठवडा, त्यात पावसाचा विचार आहे. आणि तुमच्या पट्ट्यात जुलैतही ओल खोल गेली नसेल तर थांबा, तारखेसाठी रोप मारू नका.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून ठेवा, माती चांगली तापू द्या. ५ जूनला खड्ड्यात शेणखत आणि माती भरा, तोही पर्यावरण दिनच झाला. रोप मुलांच्या हातून लावा, एक-दीड वर्षाचं घ्या, वीतभर रोप शेळी एका घासात संपवते. पिशवी फाडून काढायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, आळं करायचं, भोवती बाभळीच्या काट्या लावायच्या. मेलेल्याच्या जागी पुढच्या पावसात नांग्या भरायच्या, त्याची लाज वाटून घेऊ नका, आम्हीही भरतो. कडुनिंब, करंज, चिंच, बोर, शमी हीच तुमच्याकडे टिकतील.

धाविक
काकांचं सगळं पटलं, फक्त एक विनंती, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, बांधावर लावा, उघड्या माळावर नको. माळ म्हणजे रिकामी जागा नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी सगळे त्या गवतावर जगतात. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकसाठी झालं, पण आता तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ गेल्यातच जमा आहे. त्याला गवत हवं, दूरवर दिसेल अशी मोकळी जमीन हवी. मुलांना हेही कळू द्या की प्रत्येक ठिकाणी झाड लावणं म्हणजे निसर्ग वाचवणं नव्हे.

थंडगार_मेकॅनिक
ओझोनचं मी सांगतो, फ्रिज-एसीचं काम करतो. मी शिकलो तेव्हा जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ गॅस असायचा, तो सीएफसी, म्हणजे ओझोनचा थर खाणारा वायू. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनचं प्रमाण फारच घटल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियलला असे वायू बंद करण्याचा करार झाला. तारीख तिथून आली. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आणि २०१० पर्यंत आपल्याकडेही सीएफसी बंद झाला. मग आर-१३४ए आला, तो ओझोनला चालतो पण हवा तापवतो, म्हणून २०१६ ला किगालीत त्यालाही कमी करायचं ठरलं. आता घरच्या नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए असतो.

शास्त्रज्ञ म्हणतात असंच चालू राहिलं तर बऱ्याच जगावरचा थर २०४० च्या आसपास १९८० सारखा होईल, अंटार्क्टिकावर २०६६ लागेल. म्हणजे तुमची सहावीतली मुलगी ते बघेल सर. मुलांना गृहपाठ द्या, घरातल्या नाहीतर दुकानातल्या फ्रिजवरचं लेबल वाचून गॅसचं नाव लिहून आणा. मोठ्या माणसाला सोबत घेऊनच, आणि नळीला हात लावायचा नाही, ६००ए पेट घेतो.

किनाऱ्यावरची_सई
आमच्या कोकणातल्या वेळासला कासव महोत्सवाची पक्की तारीख आधी कुणीच सांगू शकत नाही. ऑलिव्ह रिडले जातीची कासवमादी किनाऱ्यावर येऊन शंभरेक अंडी घालते, ती हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या कुंपणात हलवतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात, तेव्हा आमचा दिवस. २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्रने सुरुवात केली त्याआधी अंडी सर्रास पळवली जायची. सर, तुमच्या गावातही असा एखादा दिवस असेल बघा, पहिला पाऊस, ओढ्याला पाणी येणं, सुगरणीचं घरटं. तोही फळ्यावर लिहा की.

माळावरचा_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज परिपाठ पटांगणात न घेता गावाबाहेरच्या जुन्या सौंदडीखाली घेतला आणि खेजडलीची गोष्ट सांगितली. एरवी चुळबुळ करणारी मुलं शेवटपर्यंत गप्प होती. ती मुलगी म्हणाली, सर हे झाड आमच्या शाळेत का नाही? काका, सौंदडीचं बी कधी मिळतं?

रोपवाटिका_काका
शेंगा मे-जूनमध्ये पिकतात, त्याच झाडाखाली सापडतील. बी दिवसभर पाण्यात भिजवा आणि पिशव्या लांब घ्या, सौंदडीचं मूळ फार लवकर खोल जातं. मुलीला म्हणावं मे महिन्यात झाडाकडे लक्ष ठेव, शेळ्यांच्या आधी पोचायला लागेल.