केबलवरच्या थेट निधी संकलनात क्यूआर केवढा दाखवायचा?

परळकर: कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी आमचं मंडळ लालबाग-परळच्या केबलवर ६ तासांचा थेट कार्यक्रम करतंय. ट्रस्टला ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) आहे. पडद्यावर क्यूआर केवढा हवा? फोनवर कबूल झालेली रक्कम बेरजेत धरायची का?

गिरणगाव: क्यूआरला जागा द्यायला अजिबात कचरू नका. कोडच्या रुंदीच्या साधारण दहापट अंतरावरून तो स्कॅन होतो. माणूस ८ फुटांवर बसला तर कोड जवळपास १० इंचांचा लागतो, म्हणजे ४३ इंची टीव्हीची निम्मी उंची! कोपऱ्यातला चिमुकला कोड वाया जातो. त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी मोठा करून ३० सेकंद स्थिर ठेवा. भोवती पांढरी मोकळी कड सोडा, खालची सरकती पट्टी त्यावर येऊ देऊ नका. कोडमध्ये मजकूर कमीत कमी भरा. मजकूर वाढला की कोडमधले चौकोन बारीक होतात, आणि केबलवर चित्र दाबून पाठवताना (कॉम्प्रेशन) ते एकमेकांत मिसळतात. शेजारी यूपीआय आयडी ठळक अक्षरांत द्या.

हिशेबनीस: कबुली वेगळी, जमा वेगळी. पडद्यावर फक्त जमा. चिलीतलं 'तेलेतोन' हे टीव्हीवरचं थेट निधी संकलन १९७८ पासून चालतं, साधारण २७ तासांचं. तिथे लोक बँकेत पैसे भरतात आणि बँकेकडून आलेली बेरीज मंचावर वाचली जाते. लोकांचा विश्वास त्यातूनच बसतो.

खरी गडबड पावत्यांत होते. यूपीआयमधून पॅन येत नाही. म्हणून नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक मागणारा छोटा फॉर्म ठेवा. २००० रुपयांपुढच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे निवेदकाने आधीच सांगावं. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकांकडून देणगी घेऊच नका.