फेस्टचं पद म्हणजे नेतृत्व?

तलावपाळी : काल इथे कुणी लिहिलं, 'कॉलेज फेस्टचं चेअरपर्सनपद म्हणजे नेतृत्वाची शाळा.' राहवलं नाही. माझ्या मुलीच्या कॉलेजात त्या पदाला अट एकच, स्पॉन्सर कोण आणतो. वडिलांचं दुकान असेल तो नेता, बाकीची पोरं रात्री खुर्च्या उचलून शेवटच्या ठाणे गाडीला धावतात. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, तिथेच बिघडलं. 18 व्या वर्षी आमदार निवडायचा, वर्गप्रतिनिधी नाही?

खारीगाव : निवडणुकांचे गोडवे नकोत. 80 च्या दशकात गेटवर पोरं सायकलच्या चेन घेऊन उभी असायची. माझ्या भावाच्या डोक्याला सात टाके पडले, तो उमेदवारही नव्हता. 2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांना पुन्हा वाट दिली, 2019 मध्ये त्या पुढे ढकलल्या. बरंच झालं.

तलावपाळी : टाके पडले म्हणून मतदानच बंद? विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने 2006 मध्येच उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा सांगितली होती. निवडणुका जाऊन आलं ते मार्क जास्त तो प्रतिनिधी, हे बरं? आमची टॉपर वर्गात कुणाशी बोलायचीही नाही!

नेरूळकर : दोघंही पदातच अडकलात. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांच्या शिबिरात शहापूरकडे वनराई बंधारा घातला. भातसा धरण तिथेच, तरी गावाची गत धरण उशाला, कोरड घशाला. मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्या सुतळीने शिवून रचल्या, पाणी अडेना. आठवडाभर गप्प असलेल्या मुलीने खालच्या थरात हात घातला. "इथून जातंय. वरच्या दोन ओळी काढा." चिडत काढल्या, चिखल लिंपला. संध्याकाळी पाणी गुडघ्याला लागलं. तिला कुणी नेमलं नव्हतं.

खारीगाव : एनएसएसचे दोन वर्षांत 240 तास, निम्मे कागदावर! माझ्या मुलाने वहीवर सहीसाठी तीन चकरा मारल्या. पोरं 10 जादा गुणांसाठी जातात.

कळव्याचे सर : मी एनएसएसचा प्रोग्राम ऑफिसर होतो. चकरा खऱ्या. एका युनिटला 100 मुलं, वर लेक्चरं, पेपर तपासणी. पण 'कागदावर' म्हणालात ते झोंबलं. किती रविवार घरी नव्हतो, बायकोला विचारा.

खारीगाव : तुमच्याबद्दल बोललो नाही, सर. आमच्याकडच्या सरांना वेळ नव्हता, एवढंच.

तलावपाळी : बंधाऱ्यापुरतं मान्य. ती मुलगी पुढच्या वर्षी प्रमुख झाली?

नेरूळकर : नाही. फोटो काढत फिरणाऱ्याला केलं.

तलावपाळी : मतदान असतं तर?

नेरूळकर : तिलाच दिलं असतं. पण ती उभी राहिली नसती.