मदत हवी आहे: कागदावर अटक दाखवली दुसऱ्या दिवशी रात्री, माणूस ठाण्यात आदल्या सकाळपासून. तक्रार कुठे आणि कशी करावी?

नमस्कार. फौजदारी वकिली करणारे किंवा पोलीस खात्यात काम केलेले कुणी इथे असतील, तर कृपया सविस्तर सांगा.

माझ्या मावसभावाला भागीदारीतल्या पैशांच्या वादावरून पोलीस ठाण्यातून फोन आला. "साहेबांनी चौकशीला बोलावलंय, तासाभरात मोकळे व्हाल." सकाळी अकराच्या सुमारास तो आपणहून गेला. गेल्या गेल्या मोबाइल काढून घेतला आणि मुद्देमालाच्या खोलीशेजारच्या बाकड्यावर बसवून ठेवलं. लॉकअपमध्ये टाकलं नाही, पण बाहेरही पडू दिलं नाही. रात्र त्याच बाकड्यावर गेली. मावशी विचारायला गेली तर ठाणे अंमलदार म्हणाले, "अटक कुठे केलीय? चौकशी चालू आहे." दुसऱ्या दिवशी रात्री फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक दाखवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात उभं केलं. तिथे जामीन झाला.

आता अटक पंचनाम्याची प्रत हातात आली आहे. अटकेची वेळ २१:४०. साक्षीदार म्हणून ज्याची सही आहे त्याला आमच्यापैकी कुणी ओळखत नाही. नातेवाइकाला कळवल्याच्या रकान्यात मावशीचं नाव आहे, पण पुढे लिहिलेला मोबाइल नंबर तिचा नाही, घरातल्या कुणाचाच नाही.

मी जमेल तेवढं वाचलं आहे. राज्यघटनेचं कलम २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायलाच हवं. कागद पाहिला तर पोलिसांनी हे पाळलंय. पण माणसाला उठून जायची मुभा नव्हती, तेव्हापासूनच अटक धरायची की नाही? माझा मुख्य प्रश्न हाच आहे. ठाण्यात बसवून ठेवलेल्या वेळेला कायद्यात काहीच किंमत नसेल, तर २४ तासांच्या मर्यादेला अर्थ काय उरतो?

शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि गरज नसेल तर त्याच संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अर्नेश कुमार निकालात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्यांतर्गत कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, दोन्ही होऊ शकतं असं स्पष्ट म्हटलं आहे. भावाला नोटीस मिळालीच नाही. जो फोनवर बोलावल्याबरोबर आला, तो पळून जाईल असं कशावरून ठरवलं?

एक अडचण मात्र मोठी आहे. कोर्टात दंडाधिकाऱ्यांनी विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" भाऊ "नाही" म्हणाला. रात्रभर त्याच्यावर नजर ठेवणारा हवालदारच त्याचा दंड धरून शेजारी उभा होता. अशा वेळी कोण काय बोलणार? पण ते "नाही" नोंदवलं गेलं आहे. त्यामुळे पुढचा रस्ता बंद होतो का? नंतर प्रतिज्ञापत्र करून हे सांगता येतं का?

पुरावा म्हणजे ठाण्यातलं सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी निकालानुसार (२०२०) चित्रण १८ महिने, आणि कोणत्याही परिस्थितीत १ वर्षापेक्षा कमी नाही, इतकं जपून ठेवायचं आहे. माहिती अधिकारात मागितलं तर तपास चालू असल्याचं कारण देऊन नाकारतील, अशी भीती वाटते. त्याऐवजी ते जपून ठेवण्याचा आदेश कोर्टाकडूनच मागावा का? आणि भावाच्या मोबाइलचं टॉवर लोकेशनही त्याच अर्जात मागता येईल का?

अधिकाऱ्याच्या जबाबदारीबद्दल वाचून तर आणखी गोंधळ उडाला. पोलीस अधीक्षक, पोलीस तक्रार प्राधिकरण, मानवी हक्क आयोग (तिथे एक वर्षाची मुदत आहे), दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद, उच्च न्यायालय. एवढी दारं आहेत, पण आधी कोणतं ठोठावायचं? एकीकडे अर्ज केला म्हणून दुसरीकडे नाकारतात का? अधिकाऱ्यावर खटला चालवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची सरकारी मंजुरी लागेल असं एक वकील म्हणाले. १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाल्याचं मानतात, हे मी वाचलं आहे. पण बेकायदा डांबून ठेवणं हे "कर्तव्य बजावताना केलेलं कृत्य" कसं ठरतं, हे मला खरंच समजत नाही. भीम सिंग प्रकरणात (१९८५) वेळेत हजर न केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये भरपाई द्यायला लावली होती. ते आमदार होते. साध्या माणसाला अशी दाद कुणी मिळवली असेल तर अनुभव जरूर लिहा.

भरपाईपेक्षा आम्हाला ती खरी वेळ कुठेतरी अधिकृतपणे नोंदली जायला हवी आहे. मूळ गुन्ह्याचा तपास अजून त्याच अधिकाऱ्याकडे आहे, दोषारोपपत्र यायचं आहे. मावशी म्हणते, आत्ता तक्रार केली तर तो आणखी कलमं लावील. तक्रार आत्ताच करावी की दोषारोपपत्रानंतर? आणि आत्ताच करायची तर तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची मागणी त्याच अर्जात करावी की वेगळी?