कोतवाल बुकातील नाव खरे, की घरातले?

चर्चाप्रस्ताव

घराण्याची वंशावळ लिहिताना आजीच्या नोंदींपाशी मी अडले आहे. गाव नमुना १४, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंची नोंदवही, जुन्या लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, यातील जन्माच्या नोंदीत तिच्या वडिलांचे नाव आहे, तारीख आहे, आणि अपत्याच्या रकान्यात केवळ ‘मुलगी’ एवढाच शब्द आहे. घरात सर्वांना ठाऊक असलेले तिचे माहेरचे नाव गोदावरी. मृत्यूच्या नोंदीत मात्र ती सासरच्या नावाने ‘लक्ष्मी कोम सखाराम’ (कोम म्हणजे पत्नी) अशी आहे आणि वय साठ लिहिले आहे, जे जन्मतारखेवरून सहासष्ट भरते. माझ्या चुलतभावाचे म्हणणे असे की सगळीकडे ‘लक्ष्मीबाई’ लिहावे आणि विषय संपवावा. मला हे मुळीच पटत नाही. नोंदीत जे नाव जसे आहे तसेच वंशावळीत उतरवले पाहिजे आणि आपला तर्क शेजारी वेगळा लिहिला पाहिजे, कारण आपण आज केलेली ‘दुरुस्ती’ पुढच्या पिढीला मूळ नोंदच वाटणार आहे.

प्रतिसाद १

आपल्या मताशी मी असहमत आहे. नोंदवहीला आपण जो मान देत आहात तो तिला शोभणारा नाही. मृत्यूची खबर देणारा बहुधा शेजारी किंवा भाऊबंद असे, त्याने सांगितले ते कोतवालाने ऐकले आणि ऐकले तसे लिहिले गेले. त्यामुळे आयुष्यभर ज्याला गाव ‘नाना’ म्हणत होते तो माणूस वहीतही नानाच राहिला. त्यात जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्दांमध्ये अंतर सोडलेले नसते आणि अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. तेव्हा आपल्या हाती आलेली देवनागरी प्रत ही नोंद नसून कोणा वाचकाने लावलेला अर्थ आहे.

माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचे उदाहरण देतो. आधीची दोन मुले दगावल्यामुळे, हे तरी जगावे म्हणून, त्यांचे नाव धोंडू ठेवले आणि तेच वहीत चढले. शाळेत ते विश्वनाथ झाले, सही विश्वनाथ अशी करीत, आणि धोंडू म्हटलेले त्यांना अखेरपर्यंत आवडले नाही. ज्या नावाने माणूस जगला ते बाजूला सारून भीतीपोटी ठेवलेले नाव वंशावळीत मिरवणे मला अन्यायाचे वाटते.

धागाकर्तीचे उत्तर

मोडीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच लिप्यंतरासोबत मूळ पानाचे छायाचित्र जपलेच पाहिजे, हे मी आधी लिहायला हवे होते. परंतु वही चुकते म्हणून ती बदलावी, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकालासुद्धा मूळ नोंद खोडता येत नाही. त्याने समासात दुरुस्ती लिहून खाली सही व तारीख घालायची असते. जे बंधन कायद्याने निबंधकावर घातले आहे, ते वंशावळ लिहिणाऱ्याने आपणहून पाळावे, एवढेच माझे मागणे आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार नाव नसतानाही जन्माची नोंद होऊ शकते, कारण नोंद आधी होते आणि बारसे मागाहून. तेव्हा ‘मुलगी’ ही चूक नाही, त्या दिवसापुरते ते खरेच आहे.

प्रतिसाद २

व्यवहाराकडेही पाहावे. वारस नोंदीच्या वेळी एका माणसाची तीन नावे निघाली की प्रतिज्ञापत्रे करता करता कुटुंब मेटाकुटीला येते. आम्ही ते सोसले आहे. एकच नाव निश्चित करणे हिताचे.

प्रतिसाद ३

सरकारी कामासाठीची वंशावळ आणि घराण्याचा इतिहास यांची गल्लत नको. घाईने नावे एक केल्याने माणसे हरवतात. आमच्याकडे ‘गणपत’ या नावाच्या दोन जन्मनोंदी तीन वर्षांच्या अंतराने सापडल्या आणि आम्ही त्या एकाच मुलाच्या समजून पहिली तारीख चुकीची ठरवली. पुढे मृत्यूच्या नोंदी चाळताना कळले, की पहिला गणपत अकरा महिन्यांचा असताना गेला होता आणि तेच नाव पाठच्या भावाला दिले होते. एका बाळाचे संपूर्ण अस्तित्व आम्ही लेखनदोष म्हणून पुसून टाकले होते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

हे वाचून मी आमच्या नोंदी पुन्हा काढल्या. माझे मत बदललेले नाही. चुलत आजोबांच्या चौकटीत विश्वनाथ हेच नाव ठळक राहील आणि धोंडू त्याखाली, बारीक अक्षरात. मात्र त्यांच्या आधीच्या ज्या दोन नोंदींत फक्त ‘मुलगा’ लिहिलेले आहे आणि ज्या मी आजवर वगळल्या होत्या, त्यांच्यासाठी दोन चौकटी वाढवल्या आहेत. त्यांत नावाच्या जागी वहीतला तोच शब्द लिहिला आहे.