समुद्री चाच्यांचा वेश, खेळ आणि सिनेमे : इतिहासाची गोडी की दरोडेखोरांचं कौतुक?

सातरस्ता (धागा काढणारा)
परवा आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची वेशभूषा स्पर्धा झाली. माझी सहावीतली भाची समुद्री चाचा झाली होती. एका डोळ्यावर काळी पट्टी, हातात पुठ्ठ्याची तलवार, कमरेला जुन्या सोलापुरी चादरीची फाडून काढलेली पट्टी. एक परीक्षक माइकवरच म्हणाले, "बाळ, एवढी थोर माणसं सोडून चोराचा वेश का केलास?" पोरगी गडबडली नाही. म्हणाली, "सर, त्यांच्यात कप्तान मतं घेऊन निवडायचे. लुटीत कप्तानाला दोनच वाटे. आणि कुणाचा हातपाय तुटला तर त्याला भरपाई."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मामाच्या, म्हणजे माझ्या, संगणकावर चाच्यांचा खेळ खेळली, सिनेमे पाहिले, मग "हे खरं होतं का?" म्हणून माझ्या मागे लागली. आम्ही दोघांनी शोधलं. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरचा करारनामा मिळाला. त्यात प्रत्येकाला एक मत आहे, कप्तानाला दोन वाटे आहेत आणि अवयव गमावणाऱ्याला ८०० स्पॅनिश चांदीची नाणी आहेत. हा माणूस १७१९ साली कप्तान म्हणून निवडून आला आणि १७२२ साली लढाईत मेला. त्या काळात कुठल्याही राजाच्या आरमारात साध्या खलाशाला मत नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. गंमत हा इतिहासात शिरायचा दरवाजा आहे, आणि तो मुलांच्या तोंडावर लावून घेऊ नये. तुमचं काय मत?

भीमाकाठ
मी मंगळवेढ्याला शाळेत इतिहास शिकवते. भाचीचं कौतुक आहे, पण परीक्षकांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

चाचे म्हटलं की आपल्याला कॅरिबियन आठवतो, नारळाची झाडं आठवतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या माचणूरला होती. याच १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज लुटलं. मक्केहून हाजी घेऊन ते सुरतेला परतत होतं. जहाजावरची एक तोफ फुटली, एव्हरीच्या गोळ्यानं डोलकाठी पडली आणि चाचे वर चढले. पुढचे कित्येक दिवस त्यांनी माणसांचे हाल केले, बायकांवर अत्याचार केले. काही बायकांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी खंजिरानं स्वतःला संपवलं, असं खाफीखान या त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. बादशहानं सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्या घालून कोंडले. तो हुकूम सुटला तेव्हा बादशहाचा मुक्काम माचणूरलाच होता. आपण एसटीनं जातो त्या रस्त्यावर.

एव्हरीचे पाच साथीदार १६९६ साली लंडनला फासावर गेले. तो स्वतः सापडलाच नाही. आणि २०१६ च्या 'अनचार्टेड ४' या खेळात नायक शोधत असतो तो खजिना या एव्हरीचाच. खेळणाऱ्याच्या डोळ्यात सोनं भरतं, सातरस्ता. ते कुणाच्या अंगावरून ओरबाडलं ते भरत नाही.

जॉयस्टिक
भीमाकाठ ताई, माचणूरचं मला माहीतच नव्हतं. दोनदा जाऊन आलोय, देवळात बसून परत आलो. पण 'अनचार्टेड' मी पूर्ण खेळलोय आणि एव्हरी हे नाव मला त्या खेळानंच दिलं. नाहीतर तुमचा प्रतिसाद वाचताना मी इतका हललोच नसतो.

दुसरं म्हणजे हे लोक चाचे झाले कसे? १७१३ साली युरोपातलं मोठं युद्ध संपलं, आरमारं कमी केली आणि हजारो खलाशी एका झटक्यात बेकार झाले. ज्यांना हाती तलवार देऊन शत्रूची जहाजं लुटायला सरकारनंच शिकवलं, त्यांना म्हणाले आता जा घरी. हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागतं का? माझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांचं काय झालं ते मी घरात बघितलंय.

भीमाकाठ
तुझ्या आजोबांनी गिरणी बंद पडल्यावर दरोडे घातले का रे? नाही ना? विड्या वळणाऱ्या बायकांच्या कमाईवर अख्ख्या चाळी जगल्या इथं. बेकारीनं माणूस का बिघडतो ते कळतं, मलाही कळतं. पण बेकार झालेल्यांतले बहुतेक चाचे झाले नाहीत, आणि आपण वेश मात्र झाले त्यांचाच करतो.

खंदेरी
मूळचा अलिबागचा, नोकरीमुळे बारा वर्षं सोलापुरात. मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. इंग्रजी पुस्तकांत, यादीत, खेळण्यांच्या पत्त्यांवरसुद्धा कान्होजी आंग्रे 'पायरेट' म्हणून येतात. काळ्यादाढ्या म्हणजे ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या शेजारी! कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. १७१३ साली शाहू महाराजांशी त्यांचा तह झाला, बाळाजी विश्वनाथांनी तो घडवला. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्यानं आंग्र्यांचं दस्तक घ्यावं, न घेतलं तर जहाज जप्त. पोर्तुगीज तर दोनेकशे वर्षं आधीपासून हेच करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. त्यांनी केलं तर कायदा आणि आपण केलं तर चाचेगिरी?

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून १७१८ ला खांदेरीवर चालून आला, हात हलवत परतला. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेही फसलं. हरलेल्यांनी दिलेली शिवी आपण विशेषण म्हणून का वापरायची? उद्या कुणी हौसेनं चाच्यांचा जिवंत देखावा करेल आणि त्यात कान्होजींना उभं करेल. ते मला चालणार नाही.

सातरस्ता
खंदेरी दादा, शंभर टक्के मान्य. पण हे भाचीला सांगायची संधी मला चाच्यांच्या खेळामुळंच मिळाली. चाचा कुणाला म्हणायचं, कोण म्हणतं, हा प्रश्न तिनं मला विचारला. सहावीतल्या पोरीनं!

जॉयस्टिक
आणि दादा, दस्तकाचं राहू द्या, आंग्र्यांची लढायची रीतसुद्धा मला खेळामुळंच समजली. 'ब्लॅक फ्लॅग' या २०१३ च्या खेळात वारा समोरून आला की जहाज रडतखडत चालतं. तासन् तास ते हाल सोसल्यावर कळलं की आंग्र्यांची गलबतं वल्ह्यांची का होती. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागीच थिजायचं. आपली गलबतं गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, दोरानं ओढत त्याच्या मागच्या बाजूला न्यायची, कारण त्याच्या तोफा मुख्यतः दोन्ही अंगांना. शाळेत मला 'आंग्र्यांनी आरमार वाढवले' एवढं एक वाक्य होतं.

खंदेरी
हे मात्र खरं बोललास. आणि मीही एक कबूल करतो. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ साली विजयदुर्गात जळालं, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचं सैन्य होतं. तुळाजींना शत्रू आपल्याच लोकांनीही ठरवलं होतं. ते लिहिताना आजही हात जड होतो.

रंगपेटी
मी शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या जिवंत देखाव्यांचे कपडे शिवते. वीस वर्षं झाली. माझा मुद्दा वेशाचाच.

वेश मन लावून केला तर तो माणसाला खोट्यापासून खऱ्याकडं नेतो. मागं एका मंडळाला दर्यावर्दी मावळे हवे होते. पोरांनी चामडी जोडे आणले. मी म्हटलं, ओल्या फळीवर, दोराच्या शिडीवर जोडे घालून चढून दाखवा! मग अनवाणी उभे राहिले, आणि उभं राहायची ढबच बदलली. चाच्यांचंही तसंच. कैद्याला फळीवरून समुद्रात चालवणं हे जवळजवळ सगळं कथा-सिनेमातलं. ती घोगरी 'आर्र' बोली १९५० च्या एका सिनेमातल्या रॉबर्ट न्यूटन या नटाची, त्याच्या गावाकडची. हे सगळं एकेक करून काढून टाकलं की मळलेला सदरा घातलेला एक साधा खलाशी उरतो. तो मला जास्त आवडतो.

पण सांभाळूनही राहायला हवं. अमेरिकेत टॅम्पा शहरात १९०४ पासून होसे गास्पर नावाच्या चाच्याचा उत्सव होतो. जहाज येतं, हजारो लोक वेश करतात. आणि तो गास्पर झाल्याचा पुरावाच नाही! वेशाच्या जोरावर न झालेला माणूस शहराचा पूर्वज झाला.

भीमाकाठ
रंगपेटी ताई, तुमचं शिवणकाम मी पाहिलंय बहुतेक, मंगळवेढ्याला देखावे आले होते. तुमचं पटतं. तरी माझा एक प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलं नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये आपल्या नौदलानं सोमाली चाच्यांनी बळकावलेलं 'रुएन' हे जहाज सोडवलं. चाळीस तास कारवाई चालली, १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्या ३५ जणांचा वेश करून कुणी मूल मंडळाच्या स्टेजवर जाईल का? आपण जाऊ देऊ का? नाही. कारण ते १७ खलाशी जिवंत आहेत, त्यांना घरं आहेत. गंज-ए-सवाईवरच्या बायकांना तीनशे वर्षांत कुणी उरलं नाही, म्हणून तो वेश चालतो. एवढंच अंतर आहे ना?

जॉयस्टिक
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही. खेळ सोडणार नाही, पण उत्तर नाही.

सातरस्ता
काल रात्री भाचीला गंज-ए-सवाईची गोष्ट सांगितली. सगळी नाही, तिच्या वयाला झेपेल एवढी. बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "त्या जहाजावर माझ्याएवढी मुलगी होती का?" मी म्हटलं, यात्रेहून परतणारी कुटुंबं होती, असेल.

ताई, मी तिचा वेश फेकून देणार नाही. काळी पट्टी खुंटीला आहे आणि तिथंच राहील. पण पुढच्या वर्षी तिला त्या जहाजावरची मुलगी व्हायचंय म्हणते. आता त्या काळातल्या हाजी कुटुंबातली पोर काय घालायची, हे मला ठाऊक नाही. रंगपेटी ताई, मदत कराल का?

येत्या रविवारी आम्ही दोघं माचणूरला जातोय. सकाळी सातला निघू, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेऊ. किल्ला बघू, नदीवर बसू.

रंगपेटी
कपड्याचं मी बघते. तिची उंची आणि खांद्याचं माप कळवा.

भीमाकाठ
मी मंगळवेढ्याहून येते, साडेआठला देवळापाशी भेटू. छावणी नदीच्या कुठल्या अंगाला पसरली होती ते तिला तिथंच उभं राहून दाखवते.